ओर्ता घराणे : स्पेनमधून गोव्यात आलेले एक वैद्यकुल

मोसंबी म्हणजे काय हे जालन्याच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. हे फळ आपल्या बागांतून पिकते, आपल्या आडतीवर विकले जाते, आणि जालन्याच्या नावानेच ते दूरच्या बाजारात ओळखले जाते. पण त्याचे नाव मात्र जालन्याचे नाही, मराठवाड्याचे नाही, हिंदुस्थानचेही नाही. ते आले आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकवरून. लिस्बनहून निघालेली पोर्तुगीज गलबते आफ्रिकेला वळसा घालून मोझांबिकच्या बेटाशी विसावा घेत आणि तेथून गोव्याची वाट धरीत. पगार, चावी, बटाटा, पाव, हापूस, तुरुंग हे शब्दही त्याच वाटेने आपल्या घरात शिरले आणि आपलेच होऊन बसले.

शब्द एकटे येत नाहीत. त्यांच्यामागे माणसे असतात. त्या गलबतांतून शिपाई आले, पाद्री आले, व्यापारी आले, तशी कुटुंबेही आली. ही कुटुंबे का आली, येथे कशी राहिली आणि पुढे त्यांचे काय झाले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. परकी सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तोफा आणि किल्ले येतात, आणि ते योग्यही आहे. परंतु सत्तेच्या सावलीत आलेला प्रत्येक माणूस सत्ताधारीच होता असे समजणे बरोबर नाही. आज ज्या घराण्याची हकिगत सांगावयाची आहे, ते घराणे मूळचे स्पेनचे. ते जेत्यांच्या गलबतातून आले, परंतु आले ते निर्वासित म्हणून. त्यातील एका पुरुषाला मुंबई बेट कायम खंडाने मिळाले. त्याच्याच सख्ख्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले. या दोन गोष्टींत पुरती पंधरा वर्षेही गेली नाहीत. त्या पुरुषाचे नाव गार्सिया द ओर्ता.

प्रथम हे घराणे स्पेनमधून निघाले कसे ते पाहू. ३१ मार्च १४९२ रोजी स्पेनच्या राजाराणीने, म्हणजे फर्डिनंड आणि इसाबेला यांनी, एक फर्मान काढले. जे यहुदी ख्रिस्ती होणार नाहीत त्यांनी चार महिन्यांच्या आत देश सोडावा, असा त्याचा अर्थ होता. याच वर्षी, याच राजाराणीच्या पैशाने, कोलंबस पश्चिमेकडे निघाला होता. एका हाताने नवे जग शोधावयाचे आणि दुसऱ्या हाताने शेकडो वर्षे नांदत आलेल्या प्रजेला हाकलून द्यावयाचे, अशी ही राजनीती होती. हजारो कुटुंबांनी शेजारच्या पोर्तुगालची वाट धरली. दरडोई कर भरून तेथे आठ महिने राहण्याची परवानगी मिळत होती. या लोंढ्यात सरहद्दीजवळच्या व्हॅलेन्सिया द अल्कान्तारा या गावचा एक व्यापारी होता आणि जवळच्याच अल्बुकेर्के गावची एक स्त्री होती. फेर्नांव द ओर्ता आणि लिओनोर गोमेश या ख्रिस्ती नावांनी इतिहास त्यांना ओळखतो. सरहद्द ओलांडून ते कास्तेलो द व्हीदे या डोंगरी गावी स्थायिक झाले.

ही ख्रिस्ती नावे त्यांनी खुशीने घेतलेली नव्हती. १४९७ साली पोर्तुगालच्या मानुएल राजाने आपल्या राज्यातील सगळ्या यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करविला. देश सोडण्याची वाटही त्यांना मोकळी ठेवली नाही. अशा रीतीने बाटविलेल्या लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. हा शब्द ऐकावयास साधा आहे, पण त्याच्यात एक मोठा सापळा होता. जो यहुदी म्हणून राहिला असता तो परधर्मीय ठरला असता. परंतु एकदा बाप्तिस्मा झाल्यावर तो घरात जुने उपास पाळताना सापडला, तर तो धर्मद्रोही ठरत असे, आणि धर्मद्रोहाला शिक्षा होती ती अग्नीची. आधी जबरीने धर्म द्यावयाचा आणि मग तो मनापासून पाळला नाही म्हणून जाळावयाचे, असा हा न्याय. १५०६ साली लिस्बनमध्ये जमावाने या नव्या ख्रिस्त्यांची सरसहा कत्तल केली. त्या वेळी कास्तेलो द व्हीदे येथे गार्सिया पाच-सहा वर्षांचा असावा.

ओर्ता या आडनावाचा पोर्तुगीज अर्थ भाजीपाल्याचा मळा असा होतो. हा योगायोग खरा, पण मुलगा पुढे वनस्पतींचाच अभ्यासक व्हावयाचा होता. वैद्यक शिकण्यासाठी बापाने त्याला पाठविले ते पुन्हा स्पेनमध्येच. ज्या देशाने आईबापांना हाकलले त्याच देशातील सालामान्का आणि अल्काला या विद्यापीठांत तो शिकला, कारण आता तो कागदोपत्री ख्रिस्ती होता. १५२३ च्या सुमारास तो परतला. काही वर्षे गावी वैद्यकी केल्यावर तो लिस्बनला गेला आणि तेथील विद्यापीठात शिकवू लागला. बाहेरून पाहता सर्व ठीक होते. पण १५३२ साली राजाने नव्या ख्रिस्त्यांना देश सोडण्याची मनाई केली, आणि पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मपरीक्षेचे न्यायालय, स्थापन व्हावे म्हणून पोपशी बोलणी चालू होती. ते न्यायालय १५३६ साली आलेच. पाऊस येणार हे ज्याला आभाळ पाहून कळते तो आधीच आडोसा शोधतो. १२ मार्च १५३४ रोजी मार्तिम आफोन्सो द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून गार्सिया गलबतावर चढला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोव्यास उतरला.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील. मूळचे स्पॅनिश घराणे स्पेनच्या वसाहतीत, अमेरिकेत, का गेले नाही? याचे उत्तर असे की, १४९४ च्या तोर्देसिलासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जगाची वाटणी करून घेतली होती. पश्चिमेकडचे बहुतेक जग स्पेनचे आणि पूर्वेकडचे पोर्तुगालचे. पोर्तुगालच्या आश्रयाला गेलेल्या माणसापुढे पूर्वेचाच मार्ग मोकळा होता. उलट दिशेने गेलेली घराणीही होती. पोर्तुगालमध्ये जन्मलेला लुईस द कार्व्हाहाल हा नवा ख्रिस्ती स्पेनच्या राजाकडून १५७९ साली सनद मिळवून मेक्सिकोच्या उत्तरेस गेला आणि नवे लिओन या प्रांताचा पहिला सुभेदार झाला. आपल्याबरोबर त्याने बहीण, मेहुणा आणि भाचरे नेली. पुढे मेक्सिकोच्या इन्क्विझिशनने सुभेदाराला पकडले व तो कैदेत वारला. १५९६ साली त्याचा त्याच नावाचा भाचा, भाच्याची आई आणि बहिणी यांना मेक्सिको शहरात मृत्युदंड झाला. एक घराणे पोर्तुगालमधून स्पेनच्या वसाहतीत, दुसरे स्पेनमधून पोर्तुगालच्या वसाहतीत. मध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर, आणि दोघांची गत मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी.

आता गार्सियाकडे परत येऊ. पहिली चार वर्षे तो सोझाबरोबर दीव, गुजरात आणि मलबारच्या किनाऱ्यावर फिरला. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, तो हा काळ. १५३८ साली सोझा स्वदेशी परतला; गार्सिया गोव्यातच राहिला. त्याची वैद्यकी जोरात चालली. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रोगी झाले, आणि घाटावरूनही त्याला बोलावणे येऊ लागले. ते बोलावणे होते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाचे.

मराठवाड्याच्या वाचकाने येथे थोडे थांबावे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. त्याचे नाव तिमाभट, बापाचे नाव भैरव, आणि घराणे आपल्या शेजारच्या पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, असे फेरिश्ता सांगतो. बहामनी फौजेच्या हाती तो लहानपणी कैदी म्हणून सापडला आणि मुसलमान झाला. त्याचा नातू बुऱ्हाण गादीवर बसल्यावर त्याला पाथरीची आठवण होती. वऱ्हाडच्या इमादशहाकडे त्याने ते गाव मागितले, मिळेना तेव्हा १५१८ साली लढून घेतले आणि तेथील आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना वतन दिले, अशीही हकिगत फेरिश्ताने नोंदविली आहे. म्हणजे ज्याचा आजा जबरीने बाटला तो राजा, आणि ज्याचे आईबाप जबरीने बाटले तो वैद्य, असे हे दोघे अहमदनगरच्या महालात एकमेकांसमोर बसत. औषधांची नावे हा दोघांच्याही आवडीचा विषय होता. राजाच्या पदरी अरबी व इराणी हकीम होते, हिंदू वैद्यही होते. त्यांच्याकडून गार्सियाने खूप शिकून घेतले. फरक एवढाच की, निजामशहाला आपले मूळ उघडपणे आठवता येत होते. गार्सियाला ते लपवावे लागत होते.

१५४३ हे वर्ष त्याच्या आयुष्यात मोठे विलक्षण ठरले. त्या वर्षी त्याने आपल्या नात्यातील ब्रियांदा द सोलीस हिच्याशी लग्न केले. त्याच वर्षी गोव्यात जेरोनिमो दियश नावाच्या एका नव्या ख्रिस्ती वैद्याला यहुदी मत बाळगल्याबद्दल गळा आवळून मारण्यात आले व त्याचे प्रेत जाळण्यात आले. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन स्थापन झालेलेही नव्हते. धोका समुद्र ओलांडून आला आहे हे गार्सियाला या वेळी समजले असले पाहिजे. तरी त्याने आपली माणसे येथेच आणली. लिस्बनच्या इन्क्विझिशनच्या कैदेतून सुटलेली त्याची आई आणि दोन बहिणी १५४९ साली गोव्यास आल्या. त्यांतल्या एकीचे नाव कातारीना.

पुढे १५५४ च्या सुमारास व्हाइसरॉयने गार्सियाला मुंबई बेट कायम खंडाने दिले. वर्षाला ठरलेली रक्कम भरावयाची आणि बेटाची सुधारणा करावयाची, अशी अट. त्या वेळची मुंबई म्हणजे कोळ्यांची वस्ती, नारळीची बने, भातखाचरे आणि मिठागरे. तेथे त्याचा एक वाडा होता. त्याच वाड्यात १८ फेब्रुवारी १६६५ रोजी पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या हवाली केली, आणि वाड्याभोवती पुढे इंग्रजांनी आपला किल्ला बांधला. ही जागा आज मुंबईच्या फोर्ट भागात, टाउन हॉलच्या पाठीमागे, नौदलाच्या ताब्यात आहे. आपल्या बेटावरचा एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे गार्सिया मोठ्या कौतुकाने लिहितो. जमीनदाराचा अभिमानही त्यात आहे, हे आपण विसरू नये. बेट त्याला देणाऱ्यांचे नव्हते, आणि त्याच्या घरात विकत घेतलेली दासदासीही होती. छळ सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख आपोआप दिसते असे नाही.

परंतु या माणसाचे नाव टिकले ते बेटामुळे नव्हे, एका ग्रंथामुळे. हिंदुस्थानात छापखाना आला तो १५५६ साली, गोव्यात. त्यानंतर सातच वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, गार्सियाचा ‘हिंदुस्थानातील औषधींविषयी संवाद’ हा ग्रंथ गोव्यात छापून झाला. विद्वानांची भाषा लॅटिन, पण त्याने तो मुद्दाम पोर्तुगीज बोलीत लिहिला. ग्रंथाच्या आरंभी पुढे पोर्तुगालचा महाकवी म्हणून गाजलेल्या कामोंइशची कविता आहे. त्याची छापून आलेली ही पहिली कविता. रचना संवादाची. गुरुशिष्यसंवाद आपल्याला नवा नाही, पण येथील बोलणारे दोघे निराळे आहेत. एक ओर्ता स्वतः, आणि दुसरा रुआनो नावाचा कल्पित वैद्य. रुआनो स्पेनच्या विद्यापीठातून नुकताच आलेला. त्याला ग्रीक व अरबी ग्रंथ पाठ. प्रत्येक औषधाविषयी तो जुन्या ग्रंथांचा हवाला देतो आणि ओर्ता सांगतो की, मी ते झाड पाहिले आहे, ते तसे नाही. रुआनो म्हणजे खरे पाहता तरुणपणचा ओर्ताच. आपण शिकून आलेल्या पोथीला तीस वर्षांच्या अनुभवाने दिलेले ते उत्तर आहे.

ग्रंथ चाळताना मराठी माणसाला पानोपानी ओळखीचे भेटते. कात आहे, विडा आहे, भांग आहे, धोत्रा आहे, कडुनिंब आहे. कोकणातले भिरंड तेथे ‘ब्रिंदांव’ होऊन येते. निर्गुडी ‘नेगुंदो’ होऊन येते, आणि हेच नाव वनस्पतिशास्त्रात त्या झाडाला आजही चिकटून आहे. हिंगाची एक गोष्ट तर मोठी मजेची आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाजवळ उमदा घोडा होता. पण त्याला वाताचा विकार, म्हणून राजा तो घेईना. मालकाने त्याला हिंग खाऊ घातला, घोडा बरा झाला आणि राजाने तो विकत घेतला. कशाने बरा केला असे राजाने विचारले. हिंगाने, असे उत्तर मिळताच राजा म्हणाला की, यात नवल ते काय, हे तर देवांचेच अन्न.

या ग्रंथातील सर्वात मोलाचे प्रकरण पटकीचे. या रोगाचे नीट लक्षणवार वर्णन युरोपीय वैद्यकात प्रथम येथे सापडते. रोगी किती झपाट्याने खचतो, नाडी कशी बुडते, डोळे कसे खोल जातात, पेटके कसे येतात, हे त्याने रोग्याच्या उशाशी बसून पाहिले आणि लिहिले. एतद्देशीय लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात अशी नोंदही त्याने केली. हा आपल्या ‘मोडशी’ या शब्दाचाच पोर्तुगीज उच्चार. येथील वैद्य तापात काय देतात, अतिसारात काय देतात, हे तो आदराने विचारतो आणि पटले तर तसे लिहून ठेवतो. पटले नाही तर तेही सांगतो. पुढे १५६७ साली क्लुसियस या पंडिताने अँटवर्प येथे या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप छापला आणि हिंदुस्थानच्या वनस्पतींचे ज्ञान युरोपभर गेले. येथील वैद्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र त्या संक्षेपाबरोबर गेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

ग्रंथ छापला गेला तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन येऊन तीन वर्षे झाली होती. त्याच्या जाचाखाली हिंदूही आले, नवे ख्रिस्तीही आले. याचा सविस्तर इतिहास मराठीचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली ग्रंथरूपाने मांडला आहे. गार्सियाच्या ग्रंथात या भीतीचा मागमूस नाही. तो औषधांवर बोलतो, बुद्धिबळावर बोलतो, घारापुरीच्या लेण्यांवर बोलतो. स्वतःच्या घराविषयी गप्प राहतो. १५६८ साली तो गोव्यात वारला. हयातीत त्याला कोणी हात लावला नाही, कारण व्हाइसरॉय त्याचे रोगी होते. तो गेला आणि छत्र उडाले. त्याच वर्षी कातारीनाला पकडण्यात आले. चौकशीत तिच्याकडून आणि तिच्या नवऱ्याकडून जबान्या घेण्यात आल्या. भाऊ मनाने यहुदीच होता हे त्यांतून बाहेर आले. १५६९ च्या ऑक्टोबरात कातारीनाला गोव्यात जाळण्यात आले. एवढ्यानेही न्यायालयाचे समाधान झाले नाही. १५८० च्या डिसेंबरात, मरून बारा वर्षे झालेल्या गार्सियाची हाडे उकरून ती जाहीर समारंभात जाळण्यात आली.

त्याच वर्षी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने पोर्तुगालची गादी बळकावली. पुढे १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर राहिले. ज्या स्पेनच्या हातून निसटण्यासाठी ओर्ता घराण्याने एक सरहद्द आणि दोन महासागर ओलांडले, ते स्पेनच शेवटी गोव्याचे धनी झाले. गोव्याचे इन्क्विझिशन मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले.

यानंतर कित्येक शतके गार्सियाची ओळख पोर्तुगालचा थोर वैद्य एवढीच होती. १८८६ साली फिकाल्यू या सरदाराने त्याचे चरित्र लिहिले; परंतु बहिणीच्या खटल्याची हकिगत तेव्हा प्रकाशात आलेली नव्हती. सिल्व्हा कार्व्हाल्यू या संशोधकाने लिस्बनच्या दप्तरातील कागद १९३४ साली प्रसिद्ध केले तेव्हा ती उजेडात आली. पणजीच्या मध्यावरील बागेला आज गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. कातारीनाचे नाव कोठेही नाही. ज्या न्यायालयाने तिला मारले त्याच न्यायालयाच्या कारकुनाने लिहून ठेवले म्हणून ती आपल्याला माहीत झाली.

या हकिगतीतून आपण काय घ्यावयाचे? मला वाटते, एखादे घराणे एखाद्या गावी केव्हा आले हे विचारणे सोपे आहे. का आले हे विचारणे अवघड आहे, आणि इतिहास सुरू होतो तो दुसऱ्या प्रश्नापासून. जालना हे व्यापाराचे गाव. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर मारवाडी, गुजराती, तेलुगू, उर्दू बोलणारी किती तरी घराणी बाहेरून येऊन येथलीच झाली. कोणी १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली तिच्याबरोबर कापसासाठी आले, कोणी छावणीबरोबर आले, कोणी दुष्काळातून उठून आले, आणि कोणी ज्याविषयी घरात बोलले जात नाही अशा कारणाने आले. त्यांची कहाणी जुन्या वह्यांत, खरेदीखतांत आणि थोरल्या माणसांच्या आठवणीत आहे. गार्सियाने सर्व जगाच्या औषधींची माहिती लिहून ठेवली आणि स्वतःच्या घराची ठेवली नाही. त्याला भीती होती. त्याचा इलाज नव्हता. आपल्याला ती भीती नाही. तेव्हा घरातील थोरले माणूस बोलते आहे तोवर त्याच्याजवळ बसावे आणि आपण येथे का आलो हे लिहून घ्यावे, एवढेच जालनेकरांना सांगावयाचे आहे.